पीएचपीबीबी ३.२ वरून ३.३: सर्व्हरचा सपोर्ट संपल्यावर फोरम सुखरूप कसा हलवावा

पीएचपीबीबी हे फोरम चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या खाली तीन थर असतात: सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम (इथे उबुंटू), पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२३ रोजी संपला. त्यातलं पीएचपी ७.२ मूळ प्रकल्पाने ३० नोव्हेंबर २०२० लाच सोडून दिलं होतं. मायएसक्यूएल ५.७ ची शेवटची आवृत्ती, ५.७.४४, ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि तिथेच ती शाखा थांबली. तरीही या तिघांवर चालणारे पीएचपीबीबी ३.२ चे फोरम अजून बरेच आहेत, कारण ते चालतात. मग एखाद्या दिवशी होस्टिंगवाला परस्पर पीएचपी बदलतो आणि सकाळी पांढरं पान दिसतं.

हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: फोरम, पीएचपी, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं एका रात्रीत बदललं जातं. नंतर चूक दिसली की ती नेमकी कुठल्या बदलामुळे आली हे कळायला मार्ग उरत नाही. त्यामुळे आधी पूल शोधायचा, म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही ज्यावर चालेल अशी जागा. इथे तो पूल आहे पीएचपी ७.२. पीएचपीबीबी ३.२ त्यावर चालतं आणि ३.३ ची ताजी आवृत्तीही चालते. ३.२ पीएचपी ८ वर चालत नाही, ३.३ ची ताजी आवृत्ती पीएचपी ८.३ वर व्यवस्थित चालते. म्हणून पहिल्या रात्री जुन्याच सर्व्हरवर फक्त फोरम ३.३ ला न्यायचा, आठवडाभर चालू द्यायचा, आणि दुसऱ्या रात्री सर्व्हर बदलायचा. ३.३ मधली मिळेल ती जुनी झिप वापरू नका. त्या शाखेच्या सुरुवातीच्या आवृत्त्या पीएचपी ८ साठी तयार नव्हत्या.

जुन्याच मशीनवर उबुंटू चढवत नेण्याचा मोह होतो. एका एलटीएसवरून (दीर्घ मुदतीचा सपोर्ट असलेल्या आवृत्तीवरून) पुढच्याच एलटीएसवर जाता येतं, म्हणजे १८.०४ पासून २४.०४ पर्यंत तीन उड्या, आणि प्रत्येक उडीत पीएचपी व डेटाबेस आपोआप बदलणार. त्यापेक्षा महिनाभर दुसऱ्या सर्व्हरचं भाडं भरणं स्वस्त पडतं. तयारीला वेळ हवा असेल तर उबुंटू प्रो ही वाढीव सपोर्टची सेवा घ्या. वैयक्तिक वापरासाठी ते पाच मशीनपर्यंत मोफत आहे आणि १८.०४ ला सुरक्षा दुरुस्त्या देत राहतं. त्याने फक्त मुदत वाढते, काम टळत नाही.

आधी प्रत

चालू फोरमवर हात घालण्याआधी त्याची पूर्ण प्रत त्याच सर्व्हरवर वेगळ्या सबडोमेनखाली उभी करा. डिस्कवर फोरमच्या एकूण आकाराच्या निदान अडीच-तीनपट मोकळी जागा हवी: एक डंप (डेटाबेस फाइलीत उतरवलेला), एक प्रत, आणि टेबलं बदलताना मायएसक्यूएल तात्पुरती बनवतं ती.

प्रतीतली सगळ्यात धोक्याची फाइल म्हणजे कॉन्फिग.पीएचपी, डेटाबेसच्या जोडणीची माहिती असलेली. तिच्यात डेटाबेसचं नाव जुनंच राहिलं तर तुम्ही प्रतीवर समजून चालू फोरमचाच डेटाबेस बदलाल. नाव बदला, आणि प्रतीसाठी डेटाबेसचा वेगळा वापरकर्ता करा, ज्याला मूळ डेटाबेस उघडताच येणार नाही. मग प्रतीच्या कॉन्फिग टेबलात चार गोष्टी: ईमेल-एनेबल शून्य करा, नाहीतर प्रत सदस्यांना खऱ्या सूचना पाठवत सुटते; बोर्ड-डिसेबल एक करा, तरी अ‍ॅडमिनला आत जाता येतं; कुकीचं नाव बदला; आणि सर्व्हरचं नाव सक्तीने लावण्याची सेटिंग चालू असेल तर बंद करा, कारण ती चालू असली की प्रतीतली प्रत्येक लिंक मूळ फोरमवर नेते. हे बदल थेट एसक्यूएलने केले असतील तर कॅशे (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरमधला प्रॉडक्शन भाग रिकामा करा. पीएचपीबीबी कॉन्फिग कॅशेतून वाचतं, त्यामुळे टेबल बदलूनही फरक दिसत नाही आणि माणूस उगाच डोकं खाजवत बसतो.

देवनागरीची तपासणी

मराठी फोरमसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये तो जवळपास नसतोच. पीएचपीबीबी ३ स्वतः टेबलं यूटीएफ-८ मध्येच बनवतं, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये. पण फोरम पीएचपीबीबी २ च्या काळापासून चालत आला असेल, किंवा मधे कधी निष्काळजीपणे एक्स्पोर्ट-इम्पोर्ट झालं असेल, तर आतला मजकूर वेगळ्याच रूपात पडलेला असू शकतो. जुन्या जोडणीत तो बरोबर दिसतो. नव्या सर्व्हरवर गेला की म च्या जागी तीन विचित्र रोमन चिन्हं येतात.

पानावर बघून खात्री करू नका, बाइट बघा. म ने सुरू होणारा विषय निवडा आणि त्याच्या शीर्षकावर मायएसक्यूएलचं हेक्स फंक्शन (बाइटचे कोड दाखवणारं) चालवा. कॉलम यूटीएफ-८ आणि सुरुवात ई०-ए४-एई अशी असेल तर सगळं ठीक. कॉलम लॅटिन-१ (रोमन लिपीचं जुनं एन्कोडिंग) आणि बाइट ई०-ए४-एई असतील तर मजकूर बरोबर आहे, फक्त लेबल चुकीचं आहे. कॉलम यूटीएफ-८ असूनही सी३-ए०-सी२-ए४-सी२-एई दिसलं तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे. एकच विषय तपासून थांबू नका. सगळ्यात जुना, मधल्या काळातला आणि कालचा असे तीन घ्या, कारण अर्धा फोरम एका रूपात आणि अर्धा दुसऱ्या रूपात असं खूपदा सापडतं.

लेबल चुकीचं असेल तर कॉलम आधी बायनरी करायचा आणि मग यूटीएफ-८. थेट लॅटिन-१ वरून यूटीएफ-८ केलात तर मायएसक्यूएल मनापासून रूपांतर करेल आणि दोनदा एन्कोड झाल्याचा घोळ स्वतःच तयार होईल. व्हारचारचा जोडीदार व्हारबायनरी घ्या. नुसतं बायनरी घेतलं तर शेवटी रिकामे बाइट भरले जातात. मीडियमटेक्स्टचा जोडीदार मीडियमब्लॉब. नुसतं ब्लॉब ६४ केबीला संपतं आणि लांबलचक लेख मधेच तुटतो. त्या कॉलमवर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर तो आधी काढा.

दोनदा एन्कोड झालेला मजकूर सरळ करायला अपडेटमध्ये तीन पायऱ्या एकात एक लागतात: कॉलम लॅटिन-१ मध्ये कन्व्हर्ट, तो बायनरी म्हणून कास्ट, आणि तो पुन्हा यूटीएफ-८ मध्ये कन्व्हर्ट. हे मायएसक्यूएलच्या आतच करा. डंप फाइल बाहेर काढून आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनाने किंवा पायथनच्या सीपी-१२५२ ने दुरुस्त करायला गेलात तर ती मराठीवर हमखास आपटते. सीपी-१२५२ म्हणजेच विंडोज-१२५२, आणि त्यात पाच बाइटना अर्थच नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीत मात्र ते पावलोपावली येतात. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९० आणि झ चा ९डी. म्हणजे जवळपास प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक ‘तुम्ही’ तिथे अडतो. मायएसक्यूएलचं लॅटिन-१ या पाचही बाइटना जागा ठेवतं, म्हणून आतल्या आत केलेलं रूपांतर तोटा न होता परत येतं. अपडेट फक्त बिघडलेल्या ओळींवर चालवा. चांगल्या ओळींवर चालवलात तर तिथे प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि ती परत फिरवता येत नाही.

शेवटचं रूप साधं यूटीएफ-८ ठेवा. पीएचपीबीबी ३.३ ची टेबलं त्यावरच बेतलेली आहेत, देवनागरी अक्षर तीन बाइटचं असल्याने त्यात बसतं, आणि चार बाइटच्या इमोजीची व्यवस्था सॉफ्टवेअर स्वतः एन्टिटीत (आकडी कोडमध्ये) बदलून करतं. स्वतःच्या मनाने सगळी टेबलं यूटीएफ-८-एमबी-४ (चार बाइटची अक्षरं मावणारं रूप) करायला गेलात तर जुन्या रो-फॉरमॅटमध्ये इंडेक्सची ७६७ बाइटची मर्यादा आडवी येते, कारण २५५ अक्षरांच्या कॉलमऐवजी १९१ अक्षरंच बसतात.

पहिली रात्र: ३.३

सगळी एक्स्टेन्शन (फोरमला जोडलेले पूरक भाग) अ‍ॅडमिन पॅनेलमधून बंद करा. बंद करायची, काढून टाकायची नाहीत. डेटा पुसण्याचा पर्याय दाबलात तर त्यांची टेबलं जातात. डिफॉल्ट स्टाइल प्रोसिल्व्हर (पीएचपीबीबीसोबतच येणारी) करा आणि ती सगळ्या सदस्यांना लागू करा. सबसिल्व्हर-२ या जुन्या स्टाइलवर कोणी राहिलं असेल तर ती ३.२ मध्येच गेली आहे. डिफॉल्ट भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवा; मराठी भाषा-पॅक ३.२ चा असेल तर नवे शब्द नसल्याने पान अर्धवट दिसतं. मग फोरम बंद करून डंप घ्या.

डंप घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय फक्त इनोडीबी टेबलांना सुसंगत प्रत देतो. इनोडीबी आणि मायआयएसएएम हे मायएसक्यूएलमधले टेबल साठवण्याचे दोन प्रकार. जुन्या फोरमात मायआयएसएएम टेबलं असतात आणि त्यांना त्याचा काही उपयोग नाही. म्हणूनच फोरम आधी बंद करायचा. ती टेबलं इनोडीबी करायची असतील तर तेही प्रतीवर एकदा चालवून किती वेळ लागतो ते मोजा.

आता फाइली. फोरमच्या फोल्डरमधून कॉन्फिग.पीएचपी, इमेजेस, फाइल्स आणि स्टोअर एवढं सोडून सगळं हलवा. एक्स्ट फोल्डर ठेवलं तरी चालतं, पण त्यातलं प्रत्येक एक्स्टेन्शन नंतर नव्याने तपासावं लागेल. ३.३ चं पूर्ण पॅकेज वर टाका, त्यातली कॉन्फिग.पीएचपी मात्र टाकू नका. जुन्या फाइलींवर नव्या लिहून भागवू नका, कारण ३.२ च्या ज्या फाइली ३.३ मध्ये नाहीत त्या मागे राहतात आणि त्यातली एखादी लोड झाली की कारण सापडत नाही.

डेटाबेसचं स्थलांतर ब्राउझरमधून होतं: इन्स्टॉलच्या पानावर अपडेट निवडा आणि त्यात ‘फक्त डेटाबेस’ हा पर्याय घ्या. लाखांत पोस्ट असतील तर कमांड लाइन बरी, तिथे वेळेची मर्यादा आडवी येत नाही. बिन फोल्डरमधल्या पीएचपीबीबी-सीएलआयला डीबी:मायग्रेट ही आज्ञा सेफ-मोडसह द्या. ती वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याने चालवा, रूटने (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने) नाही. रूटने चालवली तर कॅशेतल्या फाइली रूटच्या नावावर बनतात, वेब सर्व्हरला त्या लिहिता येत नाहीत, आणि यशस्वी स्थलांतरानंतर फोरम पांढरा पडतो. इलाज साधा: कॅशेची मालकी बदला आणि तो रिकामा करा.

स्टाइलची माहिती मिळाली नाही अशा अर्थाची चूक आली तर एखाद्या सदस्याकडे किंवा कॉन्फिगमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या स्टाइलचा क्रमांक राहिला आहे. स्टाइल टेबलात प्रोसिल्व्हरचा क्रमांक बघा आणि तोच डिफॉल्टला व सदस्यांच्या टेबलात लावा.

काम झालं की इन्स्टॉल फोल्डर काढा, एक्स्टेन्शन एकेक करून चालू करा, आणि प्रत्येकानंतर एक पोस्ट लिहून, एक चित्र जोडून, एक खासगी संदेश पाठवून बघा.

दुसरी रात्र: नवा सर्व्हर

उबुंटू २४.०४ मध्ये पीएचपी ८.३ मिळतं आणि त्याला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या आहेत. मूळ पॅकेजसोबत एफपीएम, मायएसक्यूएल, एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग, जीडी, कर्ल, इंटल आणि झिप ही मॉड्यूल्स टाका. जेसन वेगळं शोधू नका, पीएचपी ८ पासून ते आतच आहे.

डेटाबेस कुठला, हे इथेच एकदा ठरवा. मायएसक्यूएल ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे तिथे जाणं म्हणजे लगेच पुढच्या प्रवासाची तयारी. मायएसक्यूएलवरच राहायचं असेल तर ओरॅकलच्या रिपॉझिटरीतून ८.४ घ्या, नाहीतर उबुंटूतलं मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) १०.११ छोट्या फोरमला पुरेसं आहे. ५.७ चा डंप दोन्हीकडे सहज जातो. पण एकदा ८.० वर जाऊन नंतर मारियाडीबीकडे वळलात तर ८.० चं नवं डिफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना करण्याचे नियम) १०.११ ला ओळखता येत नाही आणि ते लागलेलं टेबल आलं की आयात तिथेच थांबते. ५.७ ची डेटा फोल्डर उचलून ८.४ समोर ठेवता येत नाही, मधे ८.० लागतंच. डंप आणि आयात हाच इथला मार्ग.

डंप फक्त फोरमच्या डेटाबेसचा घ्या, मायएसक्यूएलच्या स्वतःच्या सिस्टिम डेटाबेसचा नको. शोधाच्या वर्डलिस्ट आणि वर्डमॅच या दोन टेबलांचा डेटा सोडून द्या. मोठ्या फोरमात डंपचा मोठा वाटा त्यांचाच असतो आणि इंडेक्स अ‍ॅडमिन पॅनेलमधून पुन्हा बनवता येतो. मात्र टेबल वगळायचा पर्याय त्याची रचनाही वगळतो, म्हणून त्या दोघांची रिकामी रचना वेगळ्या डंपने घ्या. सेशन्स टेबलाचंही तसंच करा, पण सेशन्स-कीज मात्र पूर्ण घ्या, नाहीतर ‘मला लक्षात ठेव’ लावलेले सगळे सदस्य बाहेर फेकले जातील.

जुनी माय.सीएनएफ (मायएसक्यूएलच्या सेटिंगची फाइल) तशीच नव्या मायएसक्यूएलला देऊ नका. क्वेरी कॅशेच्या ओळी, इनोडीबी फाइल-फॉरमॅट, लार्ज-प्रिफिक्स आणि एसक्यूएल मोडमधलं नो-ऑटो-क्रिएट-यूजर हे सगळं ८.० मध्ये काढून टाकलं आहे. यातली एक ओळ राहिली तरी सर्व्हर सुरूच होत नाही. वापरकर्ता आधी क्रिएट करा आणि मग ग्रँट (परवानग्या) द्या. ग्रँटमध्येच पासवर्ड देऊन वापरकर्ता बनवण्याची जुनी सवय इथे चालत नाही. आणि नव्या डेटाबेसला जुन्या सर्व्हरच्या पीएचपी ७.२ वरून जोडून बघायचा प्रयत्न करू नका. मायएसक्यूएल ८ ची पासवर्ड पद्धत ७.४ च्या आधीच्या पीएचपीला धड कळत नाही.

फाइली आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने दोनदा न्या. एकदा आदल्या दिवशी, फोरम चालू असताना, आणि दुसऱ्यांदा फोरम बंद केल्यावर, म्हणजे त्या वेळी फक्त फरक जातो. सेंटओएस ७ या दुसऱ्या लिनक्सवरून येत असाल (त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली) तर वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचं नाव आणि क्रमांक वेगळा असतो. मालकी पुन्हा लावा. लिहिण्याची परवानगी कॅशे, फाइल्स, स्टोअर आणि अवतार अपलोडचं फोल्डर एवढ्यांनाच.

डीएनएसचा टीटीएल (डोमेनचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र डोमेन नव्या आयपीवर येण्याआधी एचटीटीपीने मिळत नाही, म्हणून जुन्या सर्व्हरवरचं प्रमाणपत्रांचं फोल्डर आधीच आणून ठेवा. डोमेन हलवल्यावर काही तास काही लोक जुन्याच सर्व्हरवर येत राहतात. जुना फोरम चालू ठेवलात तर पोस्टी दोन ठिकाणी वाटल्या जातील आणि त्या नंतर जोडणं हे वेगळंच दुखणं. जुन्या सर्व्हरवरच्या एनजिनएक्सला (वेब सर्व्हरला) नव्याकडे प्रॉक्सी करायला, म्हणजे आलेली विनंती पुढे पाठवायला लावा, आणि नव्या बाजूला रिअल-आयपी मॉड्यूलने मूळ आयपी घ्या. ते केलं नाही तर त्या काळातला प्रत्येक सदस्य जुन्या सर्व्हरच्या आयपीवरून आलेला दिसेल, आणि एका स्पॅमरचा आयपी बंद करताना सगळ्यांनाच दार बंद होईल.

नंतर काय दिसतं आणि का

५०२ दिसलं तर एनजिनएक्सच्या फाइलीत अजून पीएचपी ७.२ चं सॉकेट लिहिलेलं आहे. विषय उघडतात पण एफएक्यूचं पान ४०४ देतं, तेव्हा अ‍ॅप.पीएचपीच्या पुढचा मार्ग पीएचपीपर्यंत पोचत नाही. पीएचपीबीबीच्या पॅकेजमधल्या नमुना एनजिनएक्स फाइलीतला तो भाग घ्या. चित्र चढताना ४१३ आलं तर एनजिनएक्सची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे, आणि ती वाढवल्यावर पीएचपीची २ एमबीची मर्यादा उभी असतेच. दोन्ही वाढवा.

पांढरं पान आलं की पीएचपीचा एरर लॉग बघा, अंदाज बांधू नका. कारण बहुधा एखादं जुनं एक्स्टेन्शन असतं. ईच आणि क्रिएट-फंक्शन ही फंक्शन्स पीएचपी ८.० मध्ये गेली, माहीत नसलेला कॉन्स्टंट आता थेट एरर देतो, आणि ८.१ पासून मायएसक्यूएलआय चुकीच्या क्वेरीवर गप्प न राहता एक्सेप्शन फेकतं. पूर्वी झाकून गेलेल्या चुका आता दिसतात, एवढंच. ते एक्स्टेन्शन डेटाबेसच्या एक्स्ट टेबलात बंद करा, कॅशे रिकामा करा आणि लेखकाची नवी आवृत्ती आहे का बघा. नसेल तर ते सोडून द्या. लॉगमध्ये ८.२ च्या डायनॅमिक प्रॉपर्टीबद्दलच्या डेप्रिकेटेड सूचना दिसतील. त्यांनी काही अडत नाही.

मेल जात नसेल तर आधी डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावा ते सांगणाऱ्या) नवा आयपी आहे का आणि होस्टने २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवला आहे का ते बघा. फोरमच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका.

जुना सर्व्हर निदान दोन आठवडे ठेवा, पण परतीचा मार्ग पहिल्या काही तासांपुरताच आहे हे लक्षात असू द्या. नव्या फोरमवर पोस्टी सुरू झाल्या की मागे फिरणं म्हणजे त्या सोडून देणं. म्हणून फोरम सगळ्यांसाठी उघडण्याआधीच अ‍ॅडमिन म्हणून आत जाऊन ‘तुम्ही’, ‘झाडे’, ‘ऐकणे’ आणि ‘दुसऱ्या’ असलेली जुनी पोस्ट उघडा, नवी लिहा, संपादित करा, शोधून बघा. डंपची फाइल वेब फोल्डरमध्ये पडलेली नाही ना, तेही तेव्हाच तपासा. त्यात सगळ्या सदस्यांचे ईमेल पत्ते असतात.